डॅशबोर्डवरचा टेपचा जुना चिकटा कसा काढाल? पेट्रोल-थिनर लावण्याआधी हे वाचा

जालना : मोबाइलचा होल्डर, गणपतीची छोटी मूर्ती, परफ्यूमची बाटली, डॅशकॅमची वायर. गाडीच्या डॅशबोर्डवर काही ना काही डबल टेपने चिकटवलेले असतेच. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर वस्तू निघते, पण टेपचा चिकटा तिथेच राहतो. त्यावर धूळ बसून डाग काळा पडतो आणि गाडी विकायला काढली की गिऱ्हाइकाची नजर आधी तिथेच जाते. मग हाताशी असलेले पेट्रोल किंवा थिनर फडक्यावर घेतले जाते. थोड्या सबुरीने निघाला असता असा डाग इथेच कायमचा होतो.

हा चिकटा काढण्याची सुरक्षित पद्धत कोणती आणि काय टाळायचे, ते समजून घेऊ.

चिकटा इतका घट्ट का बसतो?

टेपवरचा गोंद लाकडाच्या गोंदासारखा वाळून कडक होत नाही. तो घट्ट काकवीसारखा असतो. दाब दिला की तो हळूहळू पसरतो आणि पृष्ठभागाच्या बारीक खाचांत उतरतो. डॅशबोर्डचे प्लास्टिक बहुधा खरखरीत, दाणेदार असते. त्यामुळे गोंदाला धरायला भरपूर जागा मिळते.

त्यात ऊन भर घालते. जालन्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि काचा बंद असलेल्या गाडीत तापमान त्याहून बरेच वाढते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेम्पी शहरात उन्हाळ्यात उभ्या केलेल्या गाड्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तासभर उन्हात राहिलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसपर्यंत, तर डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत तापला होता. तिथले दिवसही आपल्या मे महिन्यासारखेच, ३८ अंशांच्या वरचे होते.

अशा उष्णतेत गोंद आधी पातळ होऊन खोल उतरतो. पुढे हवेतला ऑक्सिजन आणि ऊन यांमुळे, विशेषतः रबरयुक्त गोंद, पिवळा आणि टणक होत जातो. म्हणून आठवड्याभरापूर्वी लावलेली टेप सहज निघते, तीन वर्षांपूर्वीची निघत नाही.

गंमत म्हणजे मास्किंग टेपचा जन्मच गाड्यांसाठी झाला. दोन रंगांच्या गाड्या रंगवताना रंगाची कड सरळ यावी, म्हणून ‘थ्रीएम’ कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ मध्ये ती तयार केली. काम झाले की टेप लगेच काढायची, हीच त्यामागची कल्पना होती. वर्षानुवर्षे चिकटवून ठेवण्यासाठी ती नव्हतीच.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर का नको?

गाडीच्या आत एकाच प्रकारचे प्लास्टिक नसते. डॅशबोर्डचा मोठा भाग बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनचा असतो. चकचकीत पट्ट्या, एसीच्या जाळ्या आणि स्विचभोवतीचे भाग अनेकदा एबीएसचे असतात. मीटरवरचे पारदर्शक आवरण ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे असते.

नेलपॉलिश रिमूव्हरमधले ॲसिटोन आणि थिनरमधली द्रावणे एबीएस व पॉलिकार्बोनेटला विरघळवतात. वरचा थर मऊ होतो, फडक्याचे धागे त्यात रुततात आणि चमक जाते. पॉलिप्रॉपिलीन टिकाव धरते, पण त्यावरचा रंग किंवा लेप निघतो. पेट्रोलने पृष्ठभाग पांढुरका पडू शकतो. कधी कधी नुकसान लगेच दिसत नाही, ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला काही दिवसांनी बारीक तडे जातात.

दुसरा धोका आगीचा आहे. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानातही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने पायांपाशी साचते. तापलेल्या, बंद गाडीत एखाद्या स्विचची ठिणगीही पुरेशी ठरते. डाग काढण्यासाठी इतकी जोखीम घेण्याचे कारण नाही.

चिकटा काढायचा कसा?

नियम एकच : सौम्य उपायापासून सुरुवात करायची आणि गरज पडली तरच पुढच्या पायरीवर जायचे. गाडी सावलीत लावा, दारे उघडी ठेवा. भर दुपारी काम करू नका. फार तापलेला गोंद निघण्याऐवजी पसरतो.

१. धूळ पुसा. ओल्या मऊ फडक्याने आधी माती काढा. नाहीतर घासताना तीच ओरखडे पाडते.

२. कोमट करा. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून २०-३० सेकंद फिरवा. प्लास्टिकला हात लावता आला पाहिजे, त्याहून जास्त तापवू नका. हीट गन वापरू नका.

३. सोला. टेप शिल्लक असेल तर तिचे टोक धरून पृष्ठभागालगत, सावकाश ओढा. फोमचा थर जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने उचला. ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर नको.

४. बोटाने मळा. उरलेला गोंद बोटाने चोळला की त्याच्या गोळ्या होतात. ताज्या टेपचा तुकडा दाबून झटकन उचलला, तरी बराचसा गोंद त्याला चिकटून येतो.

५. खोबरेल तेल लावा. कापसावर थोडे तेल घेऊन डागावर १०-१५ मिनिटे ठेवा. तेल गोंदात मुरते, तो फुगून सुटा होतो. मऊ फडक्याने गोल फिरवत पुसा. दाणेदार भागात जुना मऊ टूथब्रश चालतो. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावे लागते.

६. साबणाच्या पाण्याने पुसा. तेल राहिले तर त्यावर पुन्हा धूळ बसते. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, फडके घट्ट पिळून पुसा आणि नंतर कोरडे करा.

७. शेवटी आयपीए. तरीही गोंद उरला, तर मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर थोडेसे घ्या. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहा. रंग कापसाला लागला किंवा चमक गेली तर थांबा. हेही ज्वलनशील आहे. त्यामुळे इंजिन व ड्रायर बंद असावा आणि जवळ विडी-सिगारेट नको.

इथे विशेष काळजी घ्या

- एअरबॅगचे झाकण : स्टेअरिंगचा मधला भाग आणि डाव्या सीटसमोरचा ‘एअरबॅग’ लिहिलेला भाग खरवडू नका, फटीत काही घालू नका, द्रव सोडू नका. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नव्या मॉडेलमध्ये पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीची आहे. या झाकणावर टेपने काही चिकटवणेच धोक्याचे आहे. एअरबॅग उघडताना ती वस्तू प्रवाशाच्या अंगावर फेकली जाऊ शकते.
- मीटरची काच : ही खरी काच नसते. ॲक्रिलिकला अल्कोहोलने, तर पॉलिकार्बोनेटला अमोनिया असलेल्या काच-क्लीनरने तडे जाऊ शकतात. येथे फक्त साबणाचे पाणी आणि बोटाने मळणे, एवढेच करा.
- स्विच आणि स्क्रीन : फवारा थेट मारू नका. द्रव फडक्यावर घ्या, मग पुसा.

डाग गेला, पण खूण उरली?

गोंद निघाल्यावरही कधी कधी टेपच्या आकाराची गडद खूण दिसते. ती मळाची नसते. भोवतालचे प्लास्टिक उन्हाने फिके पडलेले असते आणि टेपखालचे मूळ रंगाचे राहिलेले असते. बोट फिरवून पाहा. चिकट लागत नसेल तर घासणे थांबवा. घासून ही खूण जात नाही, उलट पृष्ठभाग खराब होतो.

थिनरने विरघळलेले प्लास्टिकही पूर्ववत होत नाही. तो भाग बदलणे, रंगवणे किंवा त्यावर फिल्म चढवणे एवढेच पर्याय उरतात आणि तिन्हींना खर्च येतो.

पुढच्या वेळी

मोबाइल होल्डर शक्यतो एसीच्या जाळीला अडकवायचा घ्या. लग्नाच्या सजावटीची किंवा तात्पुरती वायर बसवण्याची टेप काम होताच काढा. उन्हात गाडी लावताना पुढच्या काचेला सनशेड लावा. आणि डबल टेपने काही चिकटवायचेच असेल, तर ते उन्हाळ्याआधी एकदा काढून जागा पुसून घ्या.