चित्रे काढून काय मिळते?

‘चित्रे काढून काय मिळते?’ असे पालक आम्हांस वारंवार विचारतात. उत्तरादाखल आम्ही औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे उदाहरण देतो.

हे राजे स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. जो हाती कुंचला धरतो, त्यास दुसऱ्याच्या चित्रातील श्रम उमगतात. आणि ज्यास श्रम उमगतात, तो ते चित्र जपतो. पंतांनी राजा रविवर्म्याची तैलचित्रे व इतर अनेक कलावस्तू जमविल्या. हा संग्रह वाड्यातच राहता, तर केवळ पाहुण्यांच्या दृष्टीस पडता. परंतु १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारून तो सर्वांस खुला केला.

आपणांपाशी संस्थान नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी खंत करू नये. आपल्या बोरिवलीस मंडपेश्वराच्या लेण्यात नृत्य करणाऱ्या शिवाचे शिल्प आहे. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमदानीत, तेथे चर्च झाले. तरीही ते शिल्प टिकून राहिले. वही-पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर तासभर बसावे, अवयवांची ठेवण न्याहाळावी व कागदावर उतरवावी. चित्र साधले नाही तरी चिंता नाही. त्यावर तारीख घालून ते जपून ठेवावे. हाच संग्रहाचा आरंभ होय.

पालकहो, अशा मुलास काय मिळते? त्यास पाहण्याची दृष्टी मिळते. ज्याने एकदा मूर्ती मन लावून रेखाटली, तो तिच्यावर खडूने आपले नाव कधीही लिहिणार नाही.