तव्यावरचें चीज

श्रमाचें चीज होणें हा वाक्प्रचार मराठी घरांत फार जुना आहे. परंतु ज्या चीजविषयीं आज आम्ही लिहिणार आहों, त्यास आमच्या स्वयंपाकघरांत येऊन फार दिवस झाले नाहींत. विषय दिसावयास लहान आहे. पावाच्या दोन कापांमध्यें चीज घालून तें सँडविच तव्यावर खरपूस भाजावयाचें, इतकेंच. पण हा पदार्थ घरीं नीट होऊं लागल्यापासून आमच्याकडे एक मोडलेली पंगत पुन्हां बसूं लागली, म्हणून हा प्रपंच.

चिंचवड गांवांत, पवनेच्या कांठीं, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर आमचें घर आहे. एका बाजूस मंदिराची घंटा आणि दुसऱ्या बाजूस कारखान्यांच्या पाळ्या, असा आमचा दिवस विभागलेला असतो. घरांतील तरुण मंडळी चाकण व भोसरीकडे नोकरीस. कोणी पहांटे निघतो, तर कोणी रात्रीं अकराला परततो. शनिवारीं रात्रीं तेवढे बहुतेक सर्व घरीं असत. पण नेमके त्याच वेळीं बाहेरून चीज-सँडविच मागवीत आणि माडीवर नेऊन खात. कारण मातोश्रींची आज्ञा होती कीं, वासराच्या पोटांतलें विरजण लावलेला पदार्थ आपल्या चुलीजवळ येतां कामा नये. खालीं पाटावर त्या जवळजवळ एकट्याच जेवत.

आरंभीं आम्ही हा जुनाट सोवळेपणा समजून हंसलों. पुढें नीट चौकशी केली, तेव्हां त्यांचें म्हणणें मुळींच निराधार नाहीं असें आढळलें. पनीर करतांना उकळत्या दुधांत लिंबाचा रस पिळून भागतें. चीज करतांना मात्र कोमट दुधांत रेनेट नांवाचें द्रव्य घालून दूध गोठवितात, आणि हें द्रव्य युरोपांत शतकानुशतकें दूधपित्या वासराच्या जठरांतून काढीत आले. इटलीच्या प्रसिद्ध पार्मिजानो रेज्जानो चीजला तर आजहि वासराचेंच रेनेट लागतें. तेव्हां शंका घेणारास वेडें ठरविण्याआधीं शंकेचें उत्तर शोधावें, हा धडा आम्हांस येथें मिळाला.

तें उत्तर असें. एका जातीची बुरशी टाक्यांत वाढवून तिच्यापासून रेनेटचेंच काम करणारें द्रव्य आतां काढतां येतें. शिवाय मूळ रेनेटमधील मुख्य द्रव्य सूक्ष्म जंतूंकडून करवून घेण्याची रीतहि निघाली असून अमेरिकेंत तिला १९९० सालीं मान्यता मिळाली. हें मातोश्रींस पटविणें चिंचवडकरांस अवघड नव्हतें. शेजारच्या पिंपरींत सरकारनें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कारखान्यांत टाक्यांतून बुरशी वाढवूनच पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जी बुरशी औषध देते, तिच्या भाऊबंदांनीं विरजण दिलें तर विटाळ कसला, एवढें विचारतांच त्यांनीं चष्मा लावून पाकीट मागितलें. हिरवा ठिपका पाहिला, घटकांची यादी वाचली. चीज मंचरच्या दुग्धालयाचें होतें. १९९२ सालीं स्थापन झालेल्या पराग मिल्क फूड्स कंपनीचें हें दुग्धालय चाकणच्या पुढें, नाशिकच्या रस्त्यावर आहे. "म्हणजे दूध आपल्याच मुलखांतलें कीं!" असें म्हणून त्यांनीं चूल मोकळी करून दिली.

पहिलें सँडविच मात्र साफ फसलें. पाव काळा झाला आणि आंतील चीज जसेंच्या तसें राहिलें. दोष आमच्या घाईचा होता. पाव भाजला जाण्यास मोठी उष्णता लागते. चीज त्याहून पुष्कळ कमी उष्णतेंत पाघळतें, पण ती त्याच्यापर्यंत पावांतून हळूहळूच पोंचते. आंच मोठी केली कीं पाव पुढें धांवतो व चीज मागें राहतें. पनीर घालून पाहूं म्हटलें, तर तें कितीहि तापविलें तरी वितळत नाहीं. उकळी व आंबटपणा यांमुळें त्याची घडण कायमची घट्ट झालेली असते.

चार शनिवारांच्या अनुभवानें ठरलेली आमची रीत अशी: पाव आदल्या दिवशींचा व बिनगोड घ्यावा, त्याचे काप अर्ध्या इंचाचे करावे. दोन भाग मोझरेला व एक भाग मुरलेलें चेडर थंड असतांच किसून, वीस मिनिटें बाहेर ठेवावें. पहिल्यानें तार सुटते, दुसऱ्यानें चव येते. फार मुरलेलें चीज एकटेंच घातल्यास त्याचें तूप वेगळें होऊन खालीं चोथा उरतो. एका सँडविचास साठ ग्रॅम कीस पुरे. पावाच्या बाहेरील अंगास लोण्याऐवजीं साजूक तूप पातळ लावावें. लोण्यांतील दुधाचा अंश लवकर करपतो, कढविलेल्या तुपांत तो राहत नाहीं. लोखंडी तवा तापवून आंच मंद करावी. झांकण ठेवून चार मिनिटें, मग उलटून झांकणाशिवाय तीन मिनिटें भाजावें. उतरल्यावर मिनिटभर थांबून कापावें, नाहीं तर सारें चीज ताटांत वाहून जातें.

ओली चटणी घातल्यास पाव भिजतो, ही आमची अडचण मातोश्रींनींच सोडविली. त्यांनीं कारळ्याची कोरडी चटणी सुचविली, आणि तिच्या कडवट खमंगपणानें चीजचा स्निग्धपणा असा कांहीं खुलला कीं, आतां तिच्याशिवाय सँडविच होत नाहीं. सोबत टोमॅटोचें सार असतें. परदेशांत याच पदार्थाबरोबर टोमॅटोचें सूप घेतात, हें त्यांना आम्हीं मागाहून सांगितलें. त्या स्वतः अर्धें सँडविच खातात, संकष्टी सोडून.

गेल्या शनिवारीं धाकटा नातू पाळीवरून उशिरां येणार होता. त्याच्या वांट्याचा पाव व कीस मातोश्रींनीं झांकून ठेवविला, पण तव्यावर घालूं दिला नाहीं. निवलेलें सँडविच वातड होतें, हें आतां त्यांना आमच्याइतकेंच ठाऊक आहे. अकरा वाजून गेल्यावर तो आला, तेव्हां माडीकडे न जातां सरळ आंत गेला. मातोश्री पाट मांडून तव्याजवळ बसल्या होत्या.