खपलीचं टरफल आणि खपलीचा कोंडा

खपली गहू सडला, म्हणजे त्याचं टरफल काढलं, की त्याचा कस जातो, असं ठामपणे सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. मग कुणी टरफलासकट गहू दळायला घालतो, तर कुणी खपलीच्या वाटेलाच जात नाही. टरफल आणि कोंडा या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे हे होतं.

साधा गहू मळला की दाणे मोकळे होतात. खपलीची ओंबी मात्र तुकड्या-तुकड्यांनी तुटते आणि प्रत्येक तुकड्यात बहुधा दोन दाणे चिवट टरफलात अडकून राहतात. युरोपातल्या स्पेल्ट गव्हाचंही असंच आहे. हे टरफल दाण्याच्या बाहेरचं, भाताच्या तुसासारखं. कोंडा ही दाण्याची स्वतःची साल. टरफल निघालं तरी ती जागेवर असते आणि अंकुरही जागेवर असतो. नीट सडलेली खपली म्हणूनच अख्खा, पूर्ण गहू असते. पांढुरकी होईपर्यंत घासलेल्या खपलीचा कोंडा मात्र खरोखर गेलेला असतो. इटलीत खपलीचा असा घासलेला दाणा ‘पर्लातो’ या वेगळ्या नावानेच विकतात. आपल्याकडे पाकिटावर तसं लिहिलेलं क्वचितच दिसतं, म्हणून दाण्याचा तांबूस रंग बघून घ्यावा.

‘टरफलासकट दळू, मग चाळू’ हा विचार सोपा वाटतो, पण तो अंगाशी येतो. टरफल तंतुमय, त्यात सिलिका, आणि माणसाला ते पचत नाही. दळताना त्याचे बारीक कण पिठात मिसळतात. ते काढायला बारीक चाळणी घेतली की कोंडाही त्यांच्याबरोबर जातो, म्हणजे जे वाचवायचं तेच आधी फेकलं जातं. घरघंटीतही हे काम होत नाही. तिची पाती दाणा आपटून फोडतात, टरफल तेवढं सोडवून देत नाहीत.

टरफल सुटतं ते घासण्याने. पूर्वी किंचित ओलसर केलेली खपली उखळात हलक्या हाताने कांडत, मग सुपात पाखडत. भातासाठी कोकणात घिरट होतं, त्याचंही तत्त्व हेच. घरी हातचक्की असेल तर दोन तबकड्यांमधलं अंतर दाण्याच्या जाडीपेक्षा जरा जास्त ठेवावं. एका तबकडीला रबर लावलं तर दाणे कमी फुटतात. पहिल्या फेरीतच सगळं टरफल निघावं असा हट्ट धरू नये. त्यासाठी तबकड्या आवळल्या की दाण्याचा भरडा होतो. एक फेरी घ्यावी, पाखडावं, न सुटलेलं वेगळं करून पुन्हा घालावं. वेळ जातो, पण दाणा शाबूत राहतो. फुटलेले दाणे खिरीला किंवा सांज्याला उत्तम.

भाजल्याशिवाय टरफल निघत नाही, हेही खरं नाही. स्पेनच्या आस्तुरियास भागात शेतकरी पाणचक्कीच्या तळ्या थोड्या दूर ठेवून न भाजलेला स्पेल्ट सडत आले आहेत. सुधारित जातींमध्ये टरफल आपोआप सुटतं, हाही असाच एक समज. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची ‘एमएसीएस २९७१’ ही जात बुटकी आहे, पण टरफल तिलाही आहेच.

सडून आणल्यावर वजन घटलं म्हणून गिरणीवाल्यावर संशय घेतात, तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. टरफलच वजनाच्या साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त भरतं. भाव ठरवतानाच हे धरावं.

वर्षभराची खपली एकदम सडून ठेवण्यात सोय दिसते, पण टरफल ही दाण्याची राखण आहे. त्यात कीड सहजी शिरत नाही. सडताना खरचटलेल्या दाण्यातलं तेल हवेने खवट होऊ लागतं, म्हणून महिन्यापुरतीच सडावी. बियाणं तर टरफलासकटच ठेवावं, कारण सडताना अंकुराला इजा होते आणि उगवण घटते.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. टरफल काढा किंवा ठेवा, खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. सिलिअॅक आजार असलेल्या माणसाला ती ‘जुनं, देशी धान्य’ म्हणून खाऊ घालू नये.