फोर्क, दोन स्क्रू आणि एक झिप टाय

हीरो एक्सपल्स 200च्या पुढच्या फोर्कची चाल 190 मिलिमीटर. रॅली किट बसवलं की 250. पण नुसती चाल वाढवून खडकाळ वाट मऊ होत नाही.

आधी स्प्रिंग स्वाराच्या वजनाला साजेशी हवी. मग स्क्रू. कॉम्प्रेशनचा स्क्रू फोर्क दबण्याचा वेग ठरवतो, रिबाउंडचा परत येण्याचा. रिबाउंड फार संथ असेल, तर ओळीने आलेल्या दगडांवर फोर्क वर यायच्या आतच पुन्हा दबतो आणि मनगटं भरून येतात. फार जलद असेल, तर चाक उसळतं.

फोर्कच्या नळीवर झिप टाय बांधला की फेरीनंतर कळतं, तो कुठवर दबला. महागड्या ॲक्सेसरीजआधी हेच करावं! टाय टोकापर्यंत कधीच सरकत नसेल, तर कॉम्प्रेशन थोडं सैल करा. मात्र एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक. आणि आधीचा आकडा वहीत लिहून ठेवा.