जुनी क्वाड, नवे ब्रेक

यामाहाची ‘बॅन्शी’ ही दोन-स्ट्रोक इंजिनाची क्वाड अमेरिकेत १९८७ पासून वाळूच्या टेकड्यांवर धावू लागली. हौशी मंडळी आजही तिचे ब्रेक आणि पुढचे सस्पेन्शन बदलतात. यामागचे पदार्थविज्ञान आपण पाहू.

ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर सरकतो. म्हणून सुरुवात पुढून. हाताचा जोर पास्कलच्या नियमानुसार तेलातून कॅलिपरपर्यंत पोचतो. जुनी रबरी नळी दाबाने फुगते. पोलादी जाळीची फारशी फुगत नाही. मग हँडलजवळचा दट्ट्याही मोठा बसवावा का? समजा, १२ मिमी व्यासाऐवजी १४ मिमी घेतला. क्षेत्रफळ १.३६ पट होते आणि तेवढ्याच जोराला दाब चौथ्या हिश्शाहून अधिक घटतो!

पुढचे ए-आकाराचे दांडे लांब केले की चाकांतले अंतर वाढते, वळणावर उलटण्याचा धोका कमी होतो. पण तरफही लांबते, म्हणून स्प्रिंग अधिक कडक लागते.

शेवटी गाडी थांबवते ते टायर आणि जमीन यांतले घर्षण. घर्षणांक ०.५ धरला, तर ताशी ३६ किमी वेगाला सुमारे १० मीटर लागतात, ७२ किमीला ४० मीटर. हा हिशेब उत्तम ब्रेकही बदलू शकत नाहीत. वर्गात आपण तो जरूर करून घेऊ.