ई-मेलमधील छायाचित्रे अदृश्य का होतात?

रिकाम्या चौकटीमागील कारणे, त्यावरील उपाय आणि घ्यावयाची दक्षता

नाशिक, प्रतिनिधी : द्राक्षांच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातील निर्यातदारांचा जीव जसा समुद्रावरील कंटेनरमध्ये, तसाच संगणकावरील ई-मेलमध्ये अडकलेला असतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत परिसरातील पॅकहाउसमधून निघालेला माल न्हावाशेवा बंदरातून जहाजावर चढतो आणि काही आठवड्यांनी रॉटरडॅमसारख्या बंदरात उतरतो. तेथे पेट्या उघडून मालाची तपासणी होते व आयातदाराचा अहवाल ई-मेलने येतो. मणीगळ किती, कूज किती, मणी तडकले आहेत काय, याची शहानिशा अहवालासोबतच्या छायाचित्रांवरूनच करावी लागते. नेमक्या अशा वेळी छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी किंवा लाल फुली दिसली, तर आक्षेप घ्यावा की दरातील कपात मुकाट्याने मान्य करावी, हेच उमजत नाही.

ही अडचण केवळ निर्यातदारांची नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सुट्या भागांची छायाचित्रे ई-मेलनेच फिरतात. परदेशी असलेली मुले नातवंडांची छायाचित्रे धाडतात, शाळा सूचना पाठवितात, बँका माहितीपत्रके पाठवितात. यांपैकी एखादे पत्र चित्राविना उघडले की संगणकच बिघडला, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड झालेलाच नसतो. ते चित्र जाणीवपूर्वक अडविलेले असते.

चित्र पत्रात असते तरी कोठे?

ई-मेल ही मुळात केवळ अक्षरांची व्यवस्था होती. १९८२ मध्ये निश्चित झालेल्या तिच्या मूळ नियमांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे यांपलीकडे काही पाठविण्याची सोय नव्हती. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड या तंत्रज्ञांनी 'माइम' ही पद्धती विकसित केल्यानंतर, १९९२ पासून छायाचित्रांना ई-मेलमध्ये प्रमाणित स्थान मिळाले. या पद्धतीत चित्राचे अक्षरांत रूपांतर होते आणि ते पत्राच्या मजकुरासारखेच प्रवास करते. पलीकडे पोहोचल्यावर त्या अक्षरांचे पुन्हा चित्र बनते. या रूपांतरामुळे चित्राचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी असतानाही २० एमबीची छायाचित्रे सहजासहजी जात नाहीत, याचे कारण हेच.

आज ई-मेलमध्ये चित्र तीन प्रकारे येते. पहिला प्रकार जोडणीचा, म्हणजेच अॅटॅचमेंटचा. येथे चित्र पत्रासोबत स्वतंत्र फाइल म्हणून येते. दुसऱ्या प्रकारात चित्र पत्रासोबतच येते, मात्र ते मजकुराच्या मध्ये, ठरलेल्या जागी दिसते. तिसऱ्या प्रकारात चित्र पत्रात नसतेच. पत्रात असतो तो केवळ पत्ता. चित्र दूरच्या एखाद्या सर्व्हरवर ठेवलेले असते आणि पत्र उघडल्यावर ते तेथून मागविले जाते. जाहिराती, माहितीपत्रके आणि कंपन्यांची बोधचिन्हे बहुधा याच मार्गाने येतात. 'चित्र दिसत नाही' या तक्रारीचे मूळही बहुतांशी याच प्रकारात सापडते.

अडवणूक कशासाठी?

दूरच्या सर्व्हरवरून चित्र मागविले की त्या सर्व्हरला ते कोणत्या वेळी आणि कोणत्या इंटरनेट जोडणीवरून मागविले गेले, हे कळते. प्रत्येक पत्रासाठी चित्राचा पत्ता वेगळा ठेवला, तर कोणी पत्र उघडले हेही समजते. याचा लाभ घेऊन जाहिरातदार आणि फसवे पत्रलेखक पत्रात एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र दडवू लागले. वाचकाला ते दिसत नाही, परंतु पत्र उघडताच पाठविणाऱ्याला खूण मिळते : हा पत्ता खरा आहे आणि त्यामागचा माणूस पत्रे वाचतो. असा पत्ता नकोशा पत्रांच्या व्यापारात अधिक मोलाचा ठरतो.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने आउटलुक २००३ पासून दूरस्थ चित्रे आपोआप उतरविणे बंद केले. थंडरबर्डनेही तोच मार्ग धरला. गूगलने डिसेंबर २०१३ मध्ये वेगळी युक्ती योजली. जीमेलमध्ये चित्रे आपोआप दिसू लागली, मात्र ती गूगलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत. त्यामुळे वाचकाच्या जोडणीचा ठावठिकाणा पाठविणाऱ्याला कळत नाही, तरी पत्र उघडल्याची खूण मात्र मिळू शकते. अॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये अशी चित्रे आधीच मागवून ठेवण्याची सोय दिली. ती सुरू असल्यास पत्र खरोखर केव्हा वाचले गेले, हेही झाकले जाते.

थोडक्यात, रिकामी चौकट ही अनेकदा दारावरच्या रखवालदारासारखी असते. त्याला हटवायचे की नाही, हे पाहुणा ओळखीचा आहे की अनोळखी, यावरून ठरवावे.

दोष कोणाकडे, हे कसे ओळखावे?

प्रथम पत्राच्या माथ्यावर पाहावे. चित्रे अडविली असल्यास तेथे तशी सूचना आणि ती दाखविण्याचे बटण असते. पाठविणारा ओळखीचा असल्यास ते दाबावे. तरीही चित्र न उमटल्यास तेच पत्र दुसऱ्या साधनावर, म्हणजे मोबाइलवर किंवा वेगळ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तेथे चित्र दिसले तर दोष पहिल्या साधनाच्या मांडणीत आहे. दोन्हीकडे दिसले नाही, तर दोष बहुधा पाठविणाऱ्याकडचा आहे. या एका चाचणीने बराच वेळ वाचतो.

वाचकाच्या बाजूचे उपाय

जीमेल : संगणकावर 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'सी ऑल सेटिंग्ज' निवडावे. 'जनरल' या विभागात 'इमेजेस' हा पर्याय आहे. तेथे 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडलेले असल्यास प्रत्येक वेळी परवानगी द्यावी लागते. आपोआप चित्रे हवी असल्यास 'ऑलवेज डिस्प्ले' निवडून तळाशी 'सेव्ह चेंजेस' करावे. ओळखीच्या माणसाचे पत्र 'स्पॅम'मध्ये पडले असल्यास ते तेथून बाहेर काढल्यावर चित्रे दिसू लागतात.

आउटलुक : जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज' आणि 'ऑटोमॅटिक डाउनलोड' असा मार्ग आहे. सर्वच चित्रांना मोकळीक देण्यापेक्षा, विश्वासू व्यक्तीच्या पत्रावर उजवी टिचकी देऊन तिला सुरक्षित पाठविणाऱ्यांच्या यादीत घालणे श्रेयस्कर. पत्रासोबत आलेली चित्रेही लाल फुलीच्या रूपात दिसू लागली, तर आउटलुकचा तात्पुरत्या फाइलींचा कप्पा भरलेला असण्याची शक्यता असते. आउटलुक बंद करून जाणकाराकडून तो रिकामा करून घ्यावा.

ब्राउझर : जाहिराती रोखणारे एखादे एक्स्टेन्शनही चित्रे गिळते. ते क्षणभर बंद करून पाहावे. कार्यालयातील नेटवर्कची सुरक्षाभिंत काही संकेतस्थळे रोखत असल्यास तेच पत्र मोबाइलच्या जोडणीवर मात्र व्यवस्थित उघडते.

पाठविणाऱ्याच्या चुका

पाठविणाऱ्याला चित्र दिसते म्हणून ते सर्वांना दिसेलच असे नाही. चित्राचा पत्ता त्याच्याच संगणकातील फोल्डरचा असेल, तर त्याला ते दिसते आणि जगाला दिसत नाही. कार्यालयाच्या अंतर्गत सर्व्हरवरील किंवा खासगी ठेवलेल्या ड्राइव्हमधील चित्रांचेही तसेच होते. पत्र पाठविल्यानंतर मूळ चित्र सर्व्हरवरून काढून टाकले, तर जुनी पत्रे उघडताना तेथे रिकामी चौकट उरते.

दुसरी चूक प्रकाराची. आयफोन २०१७ पासून 'हाइक' या प्रकारात छायाचित्रे साठवू शकतो. जुन्या विंडोज संगणकांना तो प्रकार उघडता येत नाही. अशी छायाचित्रे 'जेपेग'मध्ये बदलून पाठवावीत. छायाचित्रांऐवजी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल पोहोचत असल्यास पाठविणाऱ्याने आउटलुकमधील 'रिच टेक्स्ट' हा पर्याय सोडून 'एचटीएमएल' निवडावा.

महत्त्वाच्या व्यवहारात सर्वांत सुरक्षित मार्ग सरळ जोडणीचा. तपासणीची छायाचित्रे मजकुरात न चिकटविता जेपेग फाइली म्हणून जोडावीत, फाइलीच्या नावात कंटेनर क्रमांक व दिनांक लिहावा आणि पत्राच्या मजकुरात छायाचित्रांची संख्या नमूद करावी. पत्रात १२ लिहिले असून ११ पोहोचली, तर उणीव तत्काळ ध्यानात येते. मिळालेली छायाचित्रेही त्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवावीत.

मराठी मजकूर चित्रात कशाला?

मराठी वाचकांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित होई. पलीकडे तोच फॉन्ट नसल्यास अक्षरांचा गोंधळ उडे. म्हणून संपूर्ण पत्राचेच चित्र करून पाठविण्याची प्रथा पडली. युनिकोडमुळे ही गरज केव्हाच संपली, परंतु सवय गेली नाही. लग्नपत्रिका ठीक, पण सोसायटीच्या सभेची सूचना, शाळेच्या शुल्काचे परिपत्रकही चित्ररूपाने येते. चित्र अडले की संपूर्ण पत्रच कोरे. शिवाय दृष्टिहीन व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला सर्वसाधारणपणे मजकूरच लागतो. चित्रातील अक्षरे तिच्या हाती बहुधा लागत नाहीत. तेव्हा तारीख, वेळ, स्थळ, रक्कम या बाबी युनिकोड मजकुरात लिहाव्यात आणि चित्र केवळ शोभेपुरते ठेवावे. चित्रासोबत त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर दिल्यास चौकट रिकामी राहिली तरी अर्थ पोहोचतो.

दक्षता

'चित्र दिसत नसल्यास येथे क्लिक करा' अशी ओळ अनेक अस्सल माहितीपत्रकांत असते. फसवणूक करणारे तिचीच नक्कल करतात. म्हणून चित्रे दाखविण्यासाठी मेल प्रणालीचे स्वतःचे बटणच वापरावे. पत्रातील दुवा दाबू नये. 'चित्र पाहण्यासाठी पासवर्ड टाका' असे सांगणारे पान उघडल्यास ते तेथेच बंद करावे. बँकेचे बोधचिन्ह स्वच्छ दिसले म्हणजे पत्र बँकेचेच, असेही मानू नये. बोधचिन्ह कोणालाही उतरवून घेता येते. परदेशी ग्राहकाच्या पत्रात बँक खाते बदलल्याचे लिहिले असल्यास, पत्रातील नव्हे तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री करून घ्यावी. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.