तापीतल्या जलपर्णीची मुळं

खानदेशातून वाहत आलेली तापी सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यामागे थबकते आणि तिथे जलपर्णी फोफावते. एक रोप उपटून पाहा. खाली जांभळट, पिसासारखी मुळं लोंबत असतात. ती खोडाच्या पेरांतून फुटलेली असतात.

फुटण्याचा हुकूम देतं ऑक्सिन हे संप्रेरक. ते पेरापाशी साचलं की ठरावीक जनुकं जागी होतात. हा हिशेब नीट उलगडला तो भातात. तिथलं 'सीआरएल १' जनुक बिघडलं, तर खोडाची मुळं फुटतच नाहीत. सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक बहुधा आवर घालतं. खोल पाण्यातल्या भातात, बुडालेल्या पेरांत कोंडलेला इथिलीन वायू मुळावरच्या सालीतल्या पेशी मारून त्याला वाट मोकळी करतो.

पाण्यात स्फुरद कमी पडला, की जलपर्णीची बाजूची मुळं लांबतात. म्हणजे लांब मुळांची दाट झालर बघून रोप खाऊन-पिऊन सुखी आहे असं समजू नये. ते उपाशी असू शकतं.

वोल्फियाचा मामला निराळाच. टाचणीच्या डोक्याएवढी ही वनस्पती मुळांशिवाय तरंगते आणि मुळं घडवणारी कितीतरी जनुकं तिच्या जीनोममधून गळून गेली आहेत.